खुनी कोण? पाच जणांना विचारा, पण वेगवेगळं

सहाशे पानांची रहस्यकादंबरी चार-पाच जणांनी मिळून वाचायला घेतली की खुनी लवकर सापडणार, असं सगळ्यांनाच वाटतं. एकाच्या नजरेतून सुटलं ते दुसऱ्याला दिसेल, दुसरा विसरला ते तिसऱ्याला आठवेल. हिशेब बिनचूक वाटतो. मानसशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तपासला तेव्हा मात्र जुळला नाही. गंमत म्हणजे त्यातला एक प्रयोग खुनाच्याच गोष्टीवर होता. त्याकडे येतोच, पण आधी एकट्या वाचकाचं काय होतं ते पाहू.

आपलं मन एका वेळी फार थोडं धरून ठेवतं. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी आधीचे प्रयोग चाळून ती चारपर्यंत खाली आणली. मग तीस पात्रांची कादंबरी आपण वाचतो कशी? तर शब्द लक्षात ठेवून नव्हे, मनात एक चालतं चित्र उभं करून. रोल्फ झ्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं, की वाचक या चित्रात पाच धागे सांभाळत असतो: काळ, जागा, पात्रं, कशामुळे काय घडलं, आणि कुणाला काय हवं आहे. साधी कादंबरी हे धागे वाचकाच्या हातात नीट देते. रहस्यकथेचा लेखक मुद्दाम ते गुंतवतो. कोण कुठे होता हे खोटं सांगितलं जातं, रात्रीचे दोन तास गायब असतात, आणि हेतू तर शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणाचाच खरा नसतो. म्हणजे मनातलं चित्र पूर्ण होऊच द्यायचं नाही, हाच त्या लेखनाचा धंदा.

त्यात वाचन सलग होत नाही. आमच्याकडे रहस्यकथा वाचायचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर. बेळगावात पाऊस पडतो, खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, तो कोसळतो. बाहेर पडणं होत नाही म्हणून पुस्तक हातात येतं, आणि भाताची रोप लावण सुरू झाली की ते पंधरा दिवस बाजूला पडतं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता. त्यांनी पाठ केली ती निरर्थक अक्षरं. गोष्ट त्यापेक्षा नक्कीच जास्त टिकते. पण आलेखाचा आकार तोच: सगळ्यात मोठी गळती सुरुवातीला, पहिल्याच दिवसात, आणि पुढे हळूहळू.

यावर मागची पानं पुन्हा चाळणं हा उपाय सगळे करतात. त्याहून चांगला उपाय रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला; काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून आठवड्याने भेटणाऱ्या वाचनमंडळींनी पुस्तक मिटून मागची गोष्ट सांगावी, हे शहाणपणाचंच.

पण सगळ्यांनी मिळून सांगावी का? इथे पहिली ठेच लागते. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये तिघांच्या गटांना एकत्र बसून आठवायला लावलं, आणि त्यांची तुलना एकेकट्याने आठवणाऱ्या तिघांच्या बेरजेशी केली (दोघांना आठवलेली गोष्ट एकदाच मोजून). एकत्र बसलेल्यांना कमी आठवलं. याला ‘सहकारी अडथळा’ म्हणता येईल. कारण साधं आहे. प्रत्येकाची आठवायची स्वतःची वाट असते. मी गोष्ट माणसांवरून लावलेली असते, तुम्ही खोल्यांवरून. मी मोठ्याने बोलायला लागलो की तुमची वाट मोडते, आणि त्या वाटेवर पुढे जे सापडलं असतं ते राहून जातं. थोडक्यात, आधी पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं. आमच्या मंडळीत हे पाळून घेणं किती कठीण आहे ते मलाच ठाऊक. टिळकवाडीत रविवारी संध्याकाळी चहा आला की पाचही जण एकदम बोलतात.

आता तो खुनाचा प्रयोग. त्याआधीची गोष्ट १९८५ ची. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यार्थी-अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला सांगितलं. सगळ्यात चांगल्या उमेदवाराचे गुण त्यांनी गटात विखरून ठेवले होते: एक गुण एकाच्याच कागदावर, दुसरा दुसऱ्याच्याच. चर्चेत सगळं बाहेर येईल आणि योग्य माणूस निवडला जाईल, ही अपेक्षा. तसं झालं नाही. लोक त्याच गोष्टींबद्दल बोलत राहिले ज्या आधीच सगळ्यांना माहीत होत्या.

याचं अर्धं कारण निव्वळ गणितात आहे. समजा, माहीत असलेली गोष्ट कुणी चर्चेत बोलून दाखवण्याची शक्यता ३० टक्के धरली (आकडा मी सोयीसाठी घेतलाय). ती गोष्ट एकालाच माहीत असेल तर ती चर्चेत येण्याची शक्यता तेवढीच, ३० टक्के. पाचही जणांना माहीत असेल तर कुणी ना कुणी बोलेलच. शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. म्हणजे जे सांगायची गरज नाही तेच हमखास सांगितलं जातं. उरलेलं अर्धं कारण माणसाचा स्वभाव: आपण बोललो आणि चौघांनी मान हलवली की बरं वाटतं, कुणीच मान हलवली नाही की माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो.

आमच्यातलंच उदाहरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या कादंबरीत घाटातला बंगला होता आणि चौकीदाराची खोली पत्र्याची होती. मुसळधार पावसाच्या रात्री खून होतो. पुढे बऱ्याच प्रकरणांनंतर चौकीदार जबानी देतो, की मध्यरात्री फाटकाची कडी वाजलेली त्याने ऐकली. आम्ही चौघे, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका, येळ्ळूरच्या शाळेतल्या बाई, वडगावचा यंत्रमागवाला आणि मी, ती कडी कुणी वाजवली यावर दोन रविवार भांडलो. जांबोटीकडे भाताची गिरण असलेले मामा शांत बसून होते. शेवटी पुस्तक संपताना कळलं, की कडी वाजलीच नव्हती. तेव्हा मामा म्हणाले, “पत्र्यावर तसला पाऊस असला की शेजारचा माणूस ओरडलेलं कळत नाही. आमच्या गिरणीत हातवारे करूनच बोलतोय की आम्ही.”

“मामा, मग आधी का नाही सांगितला?”

“तुमचं चाललं होतं जोरात. मला वाटलं, एवढं तर सगळ्यांना कळलंच असणार.”

नेमकी हीच गोची आहे. ज्याच्या पाठीशी त्या ठिकाणचा अनुभव असतो त्याला तो धागा इतका उघड दिसतो की सांगण्यासारखा वाटतच नाही.

स्टॅसर आणि स्टुअर्ट यांच्या १९९२ च्या प्रयोगात गटांना खुनाची कहाणी आणि तीन संशयित दिले होते, आणि महत्त्वाचे पुरावे गटात विखरून ठेवले होते. काही गटांना सांगितलं, की तुमच्याकडचे पुरावे मिळून उत्तर नक्की निघतं. काहींना सांगितलं, की पुरावा कदाचित अपुरा आहे, त्यातल्या त्यात कोण वाटतो ते ठरवा. पुरावे दोघांकडे तेच. उत्तर आहे असं मानणाऱ्या गटांनी खरा खुनी जास्त वेळा शोधला. मत बनवायचं असेल तर एकमत झालं की माणसं थांबतात; कोडं सोडवायचं असेल तर एक पुरावा न जुळणारा उरला तरी टोचतो. त्याच मालिकेतल्या १९९५ च्या प्रयोगात गटाला आधीच जाहीर केलं, की अमक्याकडे अमक्या संशयिताची माहिती जास्त आहे. तेव्हा विखुरलेले पुरावे जास्त प्रमाणात बोलले गेले. वाचताना हे सहज करता येतं. एकाने फक्त वेळा टिपायच्या, एकाने नाती, एकाने दारं-किल्ल्या. पावसापाण्याचं खातं आता मामांकडे आहे.

तरी कुणी म्हणेल, एवढं कशाला, मतदान घ्या. जमावाचं शहाणपण असतंच की. फ्रान्सिस गाल्टन यांचं १९०७ चं निरीक्षण यासाठी नेहमी पुढे केलं जातं. प्लायमाउथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं मांस किती भरेल यावर लोकांनी पैसे भरून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. खरं वजन भरलं ११९८. थक्क व्हायला होतं. पण माझ्या मते रहस्यकथेला हा दाखला लागूच पडत नाही. तो बैल कुणाला फसवत नव्हता. कुणी जास्त सांगितलं, कुणी कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन गेल्या. रहस्यकथेचा लेखक आपल्या सगळ्यांना एकाच दिशेने चुकवतो, आणि एकाच दिशेच्या चुका कितीही जमवल्या तरी खोडल्या जात नाहीत.

फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ मध्येच हे सिद्ध करून ठेवलंय. दोनच संशयित आहेत आणि प्रत्येक वाचक स्वतंत्रपणे ६० टक्के वेळा बरोबर असतो असं धरा. मग पाच जणांचं बहुमत ६८ टक्के वेळा बरोबर येतं. माणसं वाढवा, आकडा आणखी चढतो. आता लेखक हुशार आहे आणि प्रत्येक वाचक फक्त ४० टक्के वेळा बरोबर असतो असं धरा. पाचांचं बहुमत ३२ टक्क्यांवर येतं, एकट्यापेक्षाही खाली! पन्नास वाचक आणले तर आणखी वाईट. मंडळी चांगल्या लेखकाच्या पुस्तकात निम्म्यावर एकमताला आली, तर तो संशयित बहुधा लेखकाने त्यांच्यासाठीच उभा केलेला असतो. तिथे एकट्याच्या वेगळ्या चिठ्ठीला जास्त किंमत द्यावी. तो बरोबर असेलच असं नाही, पण त्याला इतरांना न दिसलेलं काहीतरी दिसलेलं असू शकतं.

प्रत्येकाने आपला संशयित चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून ठेवायचा, याला आणखी एक कारण आहे. पुस्तक संपलं की आमचे काका न चुकता म्हणतात, “मला पहिल्यापासून संशय होताच.” ते खोटं बोलत नाहीत. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं. शेवट काय झाला हे ज्यांना सांगितलं होतं त्यांना तोच शेवट जास्त संभवनीय वाटला, मग सांगितलेला शेवट खरा असो वा खोटा. आणि न सांगता आपणही तोच ओळखला असता असंही वाटलं. उत्तर कळलं की जुना अंदाज मनातल्या मनात दुरुस्त होतो. कागदावरचा होत नाही. काकांच्या तीन चिठ्ठ्यांवर तीन वेगळी नावं निघाली. त्यातलं एक त्या माणसाचं होतं ज्याचा खून झाला होता.

राहता राहिला तो माणूस, जो रात्रभर जागून पुस्तक संपवतो आणि रविवारी सगळं माहीत असल्यासारखा हसत बसतो. २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांना आढळलं, की शेवट आधी कळलेल्या वाचकांना लघुकथा उलट किंचित जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलट निकाल आले, तेव्हा त्याच्या मजेचं काय होतं यावर भांडण अजून चालू आहे. आमच्या गणिताला तो तसाही चालत नाही. त्याने नुसती भुवई उडवली तरी बाकीच्या चारही चिठ्ठ्या स्वतंत्र राहत नाहीत. अशा माणसाने शेवटच्या बैठकीलाच यावं. मधल्या रविवारी खायला बेळगावी कुंदा पाठवून दिला तरी चालेल.