बारा वाजताची सावली

भाचीला सुट्टीत शाळेचा अभ्यास होता. प्रत्येक वाक्यापुढे ‘तथ्य’ किंवा ‘मत’ लिहायचं. ‘इंदूरचे पोहे सगळ्यात चविष्ट’ याला तिने बेधडक तथ्य लिहिलं. ‘दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो’ हेही तथ्य. का? तर सगळेच म्हणतात.

तथ्य म्हणजे खरं आणि मत म्हणजे खोटं, असा मुलांचा समज होतो. पण खरं-खोटं नंतर ठरतं; आधी विचारायचं, हे तपासता येईल का? चवीला मोजपट्टी लागत नाही. सूर्याच्या वाक्याला लागते, मग ते खोटं का निघेना.

म्हणून ७ जूनला इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवर ३० सेंटिमीटरची काठी रोवली, ओळंब्याने सरळ केली. बाराच्या ठोक्याला सावली तीन सेंटिमीटर, पश्चिमेला. दर पाच मिनिटांनी खडूची खूण. १२:२६ च्या सुमारास सावली काठीच्या बुडाशी नाहीशी झाली आणि मग पूर्वेला डोकावली.

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, इंदूर ७५.९ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून साडेसहा अंशांना सव्वीस. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे मध्यान्ह वर्षभर मागेपुढे सरकतो. जुलैच्या सुरुवातीला तो इथे १२:३१ च्या आसपास येतो. उरला अक्षांश. इंदूर २२.७ वर, कर्कवृत्ताच्या (२३.४) जरा खाली, म्हणून सावली वर्षातून दोनदाच नाहीशी होते: जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. ग्वाल्हेर २६.२ वर आहे. तिथे ती कधीच नाहीशी होत नाही.

भर बाराला पिंपळाखाली जाऊ नये, बाधा होते, असं मुलांना आजही सांगतात. हेही तपासता येणारंच विधान आहे, तेव्हा पुरावा मागायलाच हवा. आणि ते बारा कुठले? घड्याळातले बारा ही १९०६ पासूनची प्रमाणवेळ. त्याआधी गावोगावच्या वेळा वेगळ्या होत्या. नुसत्या धाकापोटी मुलांचे प्रश्न मिटवणं मला अजिबात पटत नाही.

भाचीने सूर्याचं वाक्य खोडलं नाही. त्यापुढे लिहिलं, ‘तपासलं, चूक निघालं.’ मग बडोद्याच्या मामेभावासाठी गणित मांडलं: रेखांश ७३.२, अक्षांश २२.३. ९ जुलैच्या सुमारास, १२:४२ ला, ढग नसतील तर. काठी त्याने शोधून ठेवली आहे.