हाताखालच्याला शिकवताना साहेबाच्या डोक्यात काय घडतं?

मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला विचारा, जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, नेमकी कशी लावता? तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तो कानस फिरवेल, तार छेडेल, पुन्हा एक हात मारेल आणि म्हणेल, "ते कानालाच कळतं." घोडीच्या माथ्याला किती बारीक उतार दिला की तार तिला हलकेच घासत गुंजते, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक असतं, फक्त शब्दांत नसतं. कुपवाड एमआयडीसीतल्या सुपरवायझरचंही तेच. लेथ मशीनच्या आवाजावरून धातू कापणारं टूल बोथटल्याचं तो ओळखतो, पण नव्या पोराला ते सांगायची वेळ आली की "सरक बाजूला, मीच करतो" म्हणून मोकळा होतो.

याचं कारण मेंदूच्या काटकसरीत आहे. कृती सरावाची झाली की मेंदू तिच्यावर लक्ष खर्च करणं थांबवतो. सिअन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली गोल्फ खेळणाऱ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आत्ताच मारलेला फटका आठवून सांगा म्हटल्यावर मुरलेल्या खेळाडूंना नवख्यांपेक्षा कमी तपशील आठवले! पण त्यांच्या हाती विचित्र आकाराची काठी देताच लक्ष पुन्हा हातांकडे वळलं आणि तपशीलही आठवू लागले. माझ्या मते, "असंच का?" विचारणारा हेल्पर ही सुपरवायझरच्या हातात आलेली तशीच विचित्र काठी असते. वैतागवाणी, पण उपयोगाची.

आपण सांगितलेलं समोरच्याला कळलंच असणार, हा भ्रमही मोठा असतो. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काहींना टेबलावर बोटांनी गाण्यांची लय वाजवायला लावली. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते. शिफ्ट बदलताना दिलेल्या सूचनांचं काय होत असेल, याची यावरून कल्पना यावी.

शिकवायचं ठरलं की मात्र डोक्यातली मांडणी बदलते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना सांगितलं, हे वाचून तुम्हाला दुसऱ्याला शिकवायचंय. बाकीच्यांना सांगितलं, परीक्षा आहे. प्रत्यक्षात शिकवायला कुणालाच लावलं नाही. तरीही पहिल्या गटाला मजकूर जास्त आणि नीट संगतवार आठवला. सिंगापूरमधल्या 2018 च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: फायदा होतो तो आठवून, न बघता शिकवणाऱ्याला. तयार मजकूर वाचून दाखवणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. म्हणजे भिंतीवरचा सूचनांचा तक्ता मोठ्यानं वाचून घेणं हे शिकवणं नव्हे, निदान साहेबाच्या फायद्याचं तरी नव्हे.

नोकरीतल्या फायद्याचं काय? इतरांना मार्गदर्शन करणारे लोक कामावर जास्त समाधानी असतात आणि संस्थेशी जास्त बांधलेले असतात, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या विश्लेषणात दिसलं. इथं जरा जपून. मुळात समाधानी असलेलाच माणूस शिकवायला पुढे येत असेल, तर उलटंही खरं असू शकतं. गूगलने 2008 पासून आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला, त्यात चांगल्या मॅनेजरच्या गुणांत पहिला ठरला तो माणसांना घडवण्याचा. तांत्रिक कौशल्य यादीत शेवटी होतं.

अडचण आहे ती हिशेबाची. पोरगं शिकत असताना सुरुवातीला माल कमी निघतो, रिजेक्शन वाढतं आणि ते शिफ्टच्या रजिस्टरवर त्याच दिवशी चढतं. चार महिन्यांनी तेच पोरगं एकट्यानं सेटिंग लावतं आणि गणपतीत साहेबाला रजेवर असताना एकही फोन येत नाही, याला त्या रजिस्टरमध्ये रकाना नसतो. म्हणून शिकवण्याची टाळाटाळ करणाऱ्या सुपरवायझरला आळशी म्हणण्याआधी, कंपनी त्याचं काम कशावर मोजते ते पाहावं.