खुलासा : देश वेगळा झाला की स्कीइंगचा विमा बुडतो?

‘स्कॉटलंड स्वतंत्र झालं, की तिथल्या लोकांचं युरोपातलं आरोग्य कार्ड आणि प्रवास विमा त्याच दिवशी रद्द,’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. स्कॉटलंड आज ब्रिटनचा भाग आहे, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे, पण यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत.

युरोपात फिरताना सरकारी दवाखान्यात उपचार मिळवून देणारं हे कार्ड चालतं ते देशादेशांतल्या करारावर. नवा देश झाला तर नवे करार लागतील हे खरं. पण मधल्या काळाची सोय सहसा आधीच ठरवतात. ब्रेक्झिटनंतरही, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही, ब्रिटनची जुनी कार्डं संघातल्या देशांत त्यांच्यावरच्या तारखेपर्यंत चालली.

विमा मात्र तुमचा आणि कंपनीचा करार. सीमा बदलली एवढ्यावरून तो आपोआप संपत नाही. फरक पडलाच तर बहुधा नूतनीकरणाच्या वेळी.

खरी अडचण आजही आहेच. कार्डावर सरकारी दवाखान्यातले उपचार मिळतात, डोंगरावरून सुटका नाही. फ्रान्समध्ये पाय मोडलेल्याला उतारावरून स्लेजने खाली आणलं, तर त्याचं बिल त्यालाच येतं. मायदेशी परत आणण्याचा खर्चही कार्डात नाही.

म्हणून एडिंबरा-ग्लासगोच्या मराठी मंडळींनीही आल्प्सला निघण्याआधी पॉलिसीत ‘राहण्याचा देश’ काय लिहिलाय, हिवाळी खेळ, बचावकार्य आणि आखलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग धरलंय का, ते वाचावं आणि कार्डावरची मुदत बघावी.