१३१०७२ हा आकडा आला कुठून?

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून कास्टिंगचं ड्रॉइंग आमच्या सर्व्हरवर चढत नव्हतं. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, डोंगल लावलेलं, बिलाची छोटी पीडीएफ झटक्यात जायची, ड्रॉइंग मात्र ४१३, म्हणजे ‘फाइल फार मोठी’ ही चूक, दाखवून परत. तिथला मुलगा स्कॅन हलकं करत गेला, इतकं की टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल याचे, आकडेच वाचता येईनात. चुकीच्या मापाचं ओतकाम झालं तर नुकसान भट्टीवाल्याचं, म्हणून हे मनाला लागलं.

ब्राउझरच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची सोय झेरॉक्सच्या नेबेल आणि मासिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली. कुणी केवढं पाठवावं याला धरबंध हवाच. १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, त्यासाठीच ४१३ चा कोड आहे. आज एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीवर अडवतो. सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषा एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी देते. मीही आधी पीएचपीचेच आकडे वाढवले. फरक शून्य.

मग आमच्या अपाची या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीत, १३१०७२ दिसला. म्हणजे १२८ केबी.

आमच्याकडे डोंगलमधलं सर्टिफिकेट फक्त अपलोडच्या फोल्डरसाठी मागितलं जायचं. पण कोणतं फोल्डर हवंय हे सर्व्हरला कळतं ते पहिला हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी, होऊन विनंती हातात आल्यावर. मग सर्टिफिकेटसाठी दुसऱ्यांदा हँडशेक, ज्याला रीनिगोशिएशन म्हणतात. तोवर फाइल यायला लागलेली असते, ती मेमरीत धरून ठेवावी लागते. समोरचा कोण हे अजून ठरलेलं नसताना त्याला किती मेमरी द्यायची? अपाचीने १२८ केबी ठरवली. ती मला रास्तच वाटते. अपाची २.२.१२ पासून ती ‘एसएसएलरीनेगबफरसाइझ’ या सेटिंगने वाढवता येते, पण वाढवली की ओळख न पटलेल्या प्रत्येकाला तेवढी मेमरी उघडी.

शिवाय रीनिगोशिएशनमध्येच २००९ साली मोठी फट सापडली आणि सुरक्षित जोडणीच्या २०१८ च्या नियमावलीने, टीएलएस १.३ ने, ते काढूनच टाकलं. त्याच्या जागी आलेली सोय बहुतेक ब्राउझर वापरत नाहीत.

म्हणून बफरला, म्हणजे त्या राखीव मेमरीला, हात लावला नाही. अपलोडला वेगळं सबडोमेन दिलं आणि सर्टिफिकेट मागणारं ‘एसएसएलव्हेरिफायक्लायंट’ हे सेटिंग फोल्डरमधून उचलून त्या सबडोमेनच्या व्हर्च्युअल होस्टवर, म्हणजे त्याच्या स्वतंत्र सेटिंगमध्ये, ठेवलं. आता सर्टिफिकेट पहिल्याच हँडशेकमध्ये मागितलं जातं, म्हणून डोंगलचा पिन पान उघडतानाच विचारला जातो. त्याच संध्याकाळी मूळ ड्रॉइंग आलं, ३ एमबीचं, बारीकसारीक मापांसकट.