आयएचसी 'पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सर पक्का?

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे काढलेल्या तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' दिसलं की कॅन्सर पक्का, 'निगेटिव्ह' म्हणजे सुटलो. हे साफ चुकीचं आहे. पेशीत एखादं ठरावीक प्रथिन आहे का, एवढंच त्या रंगावरून कळतं. स्तनाच्या निरोगी पेशींतल्याही काही ईआर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन) पॉझिटिव्ह असतात. कॅन्सरच्या किमान १ टक्का पेशींची केंद्रकं रंगली तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, आणि ही दिलाशाचीच गोष्ट: टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या लागू पडण्याची शक्यता असते. उलट प्रोस्टेटच्या संशयित ग्रंथींत पी६३ (निरोगी ग्रंथींच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत असणारं प्रथिन) निगेटिव्ह आलं, तर कॅन्सरचा संशय बळावतो. हर-२ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासतात ते आणखी एक प्रथिन) '२+', म्हणजे अधलंमधलं, आलं असेल तर निकाल अजून लागलेलाच नाही. डॉक्टरांना फिश (हर-२चं जनुक मोजणाऱ्या) तपासणीबद्दल जरूर विचारा.