सभागृहातील शेरेबाजी आणि विरोधी पक्ष

एखादा सदस्य बोलत असताना समोरच्या बाकांवरून टोमणे मारणे, घोषणा देणे, 'खाली बसा, खाली बसा'चा गजर करणे याला सभागृहातील शेरेबाजी म्हणतात. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ३४९ नुसार बोलणाऱ्या सदस्याला गोंगाट करून अडवायला मनाई आहे, तरी शेरेबाजी दोन्ही बाजू करतात. तिची झळ विरोधकांना जास्त बसते. मंत्री उद्या निवेदन करू शकतो, फायलीवर सही करू शकतो. विरोधी सदस्याच्या हाती एक प्रश्न आणि मोजकी मिनिटे असतात.

शेरेबाजाला वाद जिंकायचा नसतो, वेळ खायचा असतो आणि विषय भरकटवायचा असतो. त्यामुळे त्याच्याशी थेट बोलणे हीच पहिली चूक. बोलणाऱ्याने तोंड अध्यक्षांकडे ठेवावे आणि वाक्य पुरे करावे. तो स्वतःहून खाली बसला नाही, तर मध्ये बोलणाऱ्याला बोलण्याचा हक्क मिळत नाही. हरकतीचा मुद्दा, म्हणजे कामकाज नियमाला धरून नाही अशी हरकत, आला तर मात्र अध्यक्षांचा निर्णय होईपर्यंत थांबावेच लागते. वाया गेलेली मिनिटे तिथल्या तिथे मागून घ्यावीत. ती देणे अध्यक्षांच्या हाती असते, पण मागणी नोंदली जाते.

काही शेऱ्यांना उत्तर द्यावे लागते. समजा, वाळवा किंवा कराड भागातला विरोधी आमदार उसाच्या थकीत एफआरपीवर, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावर, बोलतो आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते व्याज किती कारखान्यांकडून वसूल केले, एवढाच त्याचा प्रश्न. मागून आवाज येतो, ''तुमच्या कारखान्यानं दिलंय का?'' इथे चिडला तर पुढची दहा मिनिटे त्याच्या कारखान्यावर जातात. गप्प बसला तर गावाकडे त्याचा अर्थ लगेच लागतो. ''अध्यक्ष महोदय, माझ्या कारखान्यासह सगळ्यांची यादी पटलावर ठेवा,'' एवढे म्हणून त्याने परत व्याजावर यावे. अर्थात, स्वतःची थकबाकी असेल तर हे उत्तर अंगाशी येते. आधी घरचा हिशेब नीट हवा. जातीवरून, घरच्यांवरून झालेला शेरा वेगळा. त्याला प्रत्युत्तर न देता तो कामकाजातून काढून टाकण्याची मागणी करावी.

तोल गेला की मूळ विषय मागे पडतो. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात इस्लामपूरचे आमदार जयंत पाटील विरोधकांना बोलू द्या म्हणून उभे होते. अध्यक्षांना उद्देशून निघालेल्या एका शब्दावरून त्यांचे उरलेल्या अधिवेशनापुरते निलंबन झाले, आणि चर्चा त्या शब्दाचीच झाली. त्याआधी जुलै २०२१ मध्ये, तेव्हा विरोधात असलेल्या भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले होते. अधिवेशनापलीकडचे ते निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवले. निकाल लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचाच. पण मधल्या काळात त्या मतदारसंघांचा आवाज सभागृहात नव्हता.

आवाज चढवण्यापेक्षा भारी हत्यारे नियमांतच आहेत: लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून निवेदन मागणे), स्थगन प्रस्ताव (ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणे), अविश्वास ठराव. कराडचे यशवंतराव चव्हाण १९७७ मध्ये साताऱ्यातून निवडून येऊन लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी या पदाला कायद्याची मान्यता मिळाली. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवरचा अविश्वास ठराव त्यांनी मांडला आणि मतदानापूर्वीच पंतप्रधानांनी राजीनामा दिला.

सातारा-सांगलीत या प्रकाराची तालीम साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत होते. पुढच्या रांगा सत्ताधारी पॅनेलची माणसे धरतात, विषय वाचून संपण्याआधीच 'मंजूर, मंजूर' सुरू होते, विरोधक 'नामंजूर' ओरडतात आणि राष्ट्रगीताने सभा उरकते. मग विरोधक आवारातच समांतर सभा घेतात. तिथे टाळ्या मिळतात, पण कारखान्याच्या इतिवृत्तात त्यातले काही येत नाही. त्यापेक्षा प्रश्न आधी लेखी देऊन पोच घ्यावी, सभेत विरोध नोंदवायला लावावा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. विरोध गाळलेला दिसला, तर ती पोच जोडून साखर सहसंचालकांकडे तक्रार करता येते.