लग्न झालं नाही, म्हणून बापाला मूल मागताच येत नाही?

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांतही हे ठामपणे ऐकवलं जातं: ‘लग्नच केलं नाहीस, आता लेकरावर तुझा कसला हक्क?’ हे खरं नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, आधी आई, तिच्यानंतर बाप. आईचा क्रम पहिला, हे मान्यच करायला हवं. पण पालकत्व वेगळं, ताबा, म्हणजे मूल कुणाजवळ राहणार ते, वेगळं. ताब्यासाठी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली बाप अर्ज करू शकतो. मूल इंदुरात राहत असेल तर इथल्याच कुटुंब न्यायालयात. पितृत्व नाकारलं गेलं, तर ते सिद्ध करावं लागतं. निकाल ठरतो बाळाच्या हितावर. ऐकीव बोलण्यावरून लेकराला भेटणंच सोडलेला बाप बघितला की जीव तुटतो. भेटीची परवानगीसुद्धा न्यायालयाकडे मागता येते.